उलगडणं आणि कापणं

जठरात तीव्र आम्ल असतं आणि ते खाल्लेलं मांस, डाळ, अंडं विरघळवून टाकतं, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. आम्ल तीव्र आहे यात शंका नाही. रिकाम्या जठरात त्याचा पीएच दीड ते दोनच्या आसपास असतो, म्हणजे लिंबाच्या रसाहूनही थोडा खालीच. पण त्या तीव्रतेवरून आपण जो निष्कर्ष काढतो तो चुकतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, आणि ते पचवणं म्हणजे त्या साखळीतले पेप्टाइड बंध तोडणं. हे बंध फार चिवट असतात. नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला, त्यांतले निम्मे आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतील. आम्लाने ते तुटतात, पण कोणत्या परिस्थितीत हे पाहायला हवं. एखाद्या प्रथिनात कोणती अमिनो आम्लं किती आहेत हे प्रयोगशाळेत मोजायचं असेल, तर नमुना हवाबंद काचनळीत घालतात, त्यावर जठराच्या आम्लापेक्षा चाळीसेक पट संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात आणि ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास तापवतात. तेव्हा कुठे साखळी पूर्ण सुटी होते. जठरात तापमान ३७ अंशांचं, आम्ल कितीतरी पातळ, आणि जेवण तिथे थांबतं ते तीन-चार तास. एवढ्यात नुसत्या आम्लाच्या बळावर प्रथिनाचा नगण्य भागच तुटेल. मग आम्ल करतं तरी काय? माझं म्हणणं असं की आम्ल प्रथिन पचवत नाही, ते प्रथिनाला पचण्याजोगं करतं. कापण्याचं काम दुसऱ्याचं आहे, आणि ते काम कधी व कुठे सुरू व्हावं यावर शरीराने ठेवलेला ताबा हाच या सगळ्या यंत्रणेचा गाभा आहे.

माणसाला हे एकदम कळलं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या विद्वानांत वाद होता तो जठर अन्न दळतं की कुजवतं याचा. १७५२ साली फ्रान्सच्या रेओम्यूरने यावर एक सुंदर प्रयोग केला. घार न पचणाऱ्या वस्तू ओकून टाकते हे त्याला ठाऊक होतं. त्याने दोन्ही टोकांना जाळी बसवलेल्या धातूच्या लहान नळीत मांसाचा तुकडा ठेवला आणि ती नळी घारीला गिळायला लावली. नळीच्या आत दळलं जाणं शक्यच नव्हतं. नळी बाहेर आली तेव्हा आतलं मांस झिजून मऊ झालेलं होतं, आणि त्याला कुजल्याचा वासही नव्हता. म्हणजे काम करत होता तो जठरातला रस. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या, आणि जठररस शरीराबाहेर, उबदार ठेवलेल्या नळीतही मांस मऊ करतो हे दाखवून दिलं. १८२४ साली लंडनच्या विल्यम प्राउटचा निबंध प्रसिद्ध झाला आणि या रसातलं आम्ल हायड्रोक्लोरिक आहे हे सिद्ध झालं. आता कोडं सुटलं असं वाटावं अशीच ही जागा होती, आणि इथेच ते खरं सुरू झालं. तेच आम्ल, तेवढंच पातळ, बाटलीतून घेऊन मांसावर ओतलं तर जठररसासारखा परिणाम होत नाही. १८३४ साली एबर्लेने जठराच्या अस्तराचा अर्क आम्लात मिसळला आणि मग मात्र पचन झालं. दोन वर्षांनी बर्लिनमध्ये थिओडोर श्वानने त्या अर्कातल्या कर्त्या पदार्थाचा माग काढला आणि त्याला पेप्सिन हे नाव दिलं. हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात पुरतो, उकळला की निकामी होतो आणि आम्लाशिवाय काही करत नाही. एकटं आम्ल अपुरं, एकटं पेप्सिनही अपुरं.

पेप्सिन हे एन्झाइम, म्हणजे विकर. जॉन नॉर्थ्रॉपने १९३० साली त्याचे स्फटिक मिळवले आणि एन्झाइम स्वतः प्रथिनच असतं या मताला मोठं बळ दिलं. प्रथिनाने प्रथिन कापावं, हे वाचायला सोपं असलं तरी शरीरापुढे त्यातून केवढी अडचण उभी राहते! ज्या पेशी पेप्सिन बनवतात त्या स्वतः प्रथिनाच्याच बनलेल्या आहेत. तयार पेप्सिन पेशीत साठवलं तर ते आधी पेशीलाच कापेल. म्हणून पेशी पेप्सिन बनवतच नाही. ती बनवते पेप्सिनोजेन, ज्याच्या टोकाला चाळीस-पंचेचाळीस अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. हा तुकडा एन्झाइमच्या कापणाऱ्या खाचेत घट्ट बसून ती बुजवून टाकतो. तो तिथे टिकतो विद्युतभाराच्या आकर्षणामुळे, कारण त्याच्यावर धन भार असतो आणि भोवतालच्या भागावर ऋण. आता आम्लाचं खरं काम पाहा. आम्लात हायड्रोजन आयन भरपूर असतात. ते ऋण भारांवर जाऊन बसतात, भार नाहीसे होतात, पकड सुटते, तुकडा खाचेतून बाहेर पडतो आणि उघडं पडलेलं पेप्सिन आधी तोच तुकडा कापून टाकतं. याच्या जोडीला आम्ल दुसरीकडेही काम करत असतं. अन्नातलं प्रथिन हे लोकरीच्या गच्च गुंड्यासारखं असतं. त्याचे बंध आत दडलेले असतात आणि एन्झाइमला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. आम्लाने गुंड्यातले भार बदलतात, धागे सैल होतात, साखळी उलगडते. ती तुटत नाही. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं आणि पनीर खाली बसतं. आम्लाने प्रथिनाचं रूप बदललं, पण प्रथिन जेवढं होतं जवळपास तेवढंच राहिलं, आणि प्रथिनासाठीच आपण ते पनीर खातो.

या परिस्थितीत खुद्द पेप्सिन का उलगडत नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याची घडण आम्लासाठीच झालेली आहे. आम्लात धन भार घेणारी अमिनो आम्लं त्याच्यात अगदी मोजकी आहेत, त्यामुळे पीएच दोनलाही त्याची घडी मोडत नाही. त्याच्या खाचेत एकमेकांसमोर दोन अ‍ॅस्पार्टिक आम्लं असतात. त्यांतल्या एकावर हायड्रोजन असावा आणि दुसऱ्यावर नसावा, तरच ती पाण्याच्या रेणूला पेप्टाइड बंधावर सोडू शकतात. ही अर्धवट स्थिती आम्लातच टिकते. पीएच पाचच्या पुढे गेला की पेप्सिन जवळजवळ थंड पडतं आणि सातच्या पुढे कायमचं बिघडतं. बाकीच्या बहुतेक एन्झाइमांचं नेमकं उलट असतं. स्वादुपिंडाच्या आजारात रोग्याला एन्झाइमांच्या कॅप्सूल देतात, तेव्हा आतल्या दाण्यांना आम्लात न विरघळणारं वेष्टण घालतात. ते नसेल तर जठराचं आम्ल त्या एन्झाइमांनाही इतर प्रथिनांसारखंच उलगडून टाकेल. इन्सुलिन गोळीवाटे न देता टोचून द्यावं लागतं त्याचंही हे एक कारण.

एवढी तयारी करून जठरात कापलं जातं किती? साधारण अंदाज असा आहे की प्रथिनाच्या एकूण पचनापैकी पेप्सिनच्या वाट्याला १० ते २० टक्के येतात. याचं कारण पेप्सिनच्या आवडीनिवडीत आहे. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ल्युसिन अशा मोठ्या अमिनो आम्लांशेजारचे बंधच त्याला आवडतात, त्यामुळे साखळीचे लांबलांब तुकडे शिल्लक राहतात. शिवाय जेवण स्वतः आम्ल शोषून घेतं. भरपेट जेवल्यावर जठरातला पीएच चार-पाचपर्यंत चढतो आणि पुन्हा खाली यायला तास-दोन तास लागतात. म्हणजे जठर सर्वांत आम्ल असतं ते अन्न नसतानाच. आम्ल म्हणजेच पचन, असं मानणाऱ्याने या गोष्टीपाशी थोडं थांबायला हवं.

मोठं काम होतं ते पुढे, आणि गंमत अशी की तिथे शरीराला पहिल्यांदा आम्ल घालवावं लागतं. जठरातला लगदा लहान आतड्यात उतरला की आतड्याच्या भिंतीतून सिक्रेटिन हे संप्रेरक सुटतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी ते १९०२ साली शोधलं. त्याच्या हुकमावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस सोडतं आणि पीएच सहा-सातकडे येतो. पेप्सिनचा अंमल इथे संपतो. याच रसातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज आणि कार्बोक्सिपेप्टिडेज येतात, पण तीही पेप्सिनसारखीच बंद अवस्थेत. त्यांना उघडणारं आम्ल तर आता उरलेलं नाही, मग उघडणार कोण? याचं उत्तर १८९९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत मिळालं. शेपोवाल्निकोव्हने कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा शुद्ध रस घेतला. तो प्रथिनावर जवळजवळ निष्क्रिय होता. त्यात आतड्याच्या रसाची थोडी भर पडताच तो जोमाने काम करू लागला. आतड्याच्या रसात एक असं एन्झाइम होतं जे अन्नाला हात न लावता दुसऱ्या एन्झाइमला जागं करत होतं. आज त्याला एंटेरोपेप्टिडेज म्हणतात. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पेशींच्या आवरणातच रोवलेलं असतं. ट्रिप्सिनोजेन तिथे पोचलं की ते त्याच्या टोकाचा छोटासा तुकडा कापतं, ट्रिप्सिन तयार होतं, आणि मग ट्रिप्सिन स्वतःच्या उरलेल्या भावंडांना व कायमोट्रिप्सिन वगैरे सगळ्यांना उघडत जातं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, कायमोट्रिप्सिन मोठ्या वलयाकार अमिनो आम्लांनंतर, इलॅस्टेज लहानांनंतर, आणि कार्बोक्सिपेप्टिडेज शेवटाकडून एकेक कण सोडवतं. एकाला जे जमत नाही ते दुसरं करतं.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते ती या साखळीतला एकेक भाग काढून पाहिला की. असे प्रयोग माणसांवर मुद्दाम करता येत नाहीत, पण आजारांनी आणि शस्त्रक्रियांनी ते करून दाखवले आहेत. १८९७ साली झ्युरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका कर्करुग्ण स्त्रीचं पूर्ण जठर काढलं आणि अन्ननलिका सरळ आतड्याला जोडली. ती वर्षाहून जास्त जगली आणि अन्न पचवत राहिली. आजही जठर काढलेली माणसं थोडं थोडं, वारंवार खाऊन पुरेसं प्रथिन पचवू शकतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आलं. हे औषध जठरातला आम्ल ढकलणारा पंप बंद करतं. जगभर कोट्यवधी लोक या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेत आहेत, आणि त्यांच्यात प्रथिनांच्या कुपोषणाची लाट आलेली नाही. आता दुसरी बाजू पाहा. एंटेरोपेप्टिडेज जन्मतःच नसलेली बालकं फार विरळा, पण ती असतात. १९६९ साली या विकाराचं पहिलं वर्णन झालं. अशा बाळाचं जठर ठीक असतं, आम्ल ठीक, पेप्सिन ठीक, स्वादुपिंडही ठीक. फक्त आतड्याच्या भिंतीवरचं ते एक एन्झाइम नसतं. बाळाला सतत जुलाब होतात, वजन वाढत नाही, रक्तातलं प्रथिन घसरतं आणि अंगावर सूज येते. स्वादुपिंडाची तयार एन्झाइमं दिली की ते सावरतं. संपूर्ण जठर गेलं तरी निभावतं आणि एक एन्झाइम नसलं तर निभावत नाही. प्रथिन पचवण्याचा कणा आम्लात नाही, याहून थेट पुरावा मला सुचत नाही.

यावर आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे. आम्ल इतकं दुय्यम असेल तर शरीर त्यावर एवढा खर्च का करतं? जठराच्या आम्लपेशीतला पंप पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर दहा लाख पटींहून जास्त हायड्रोजन आयन साठवतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवायला पेशीचा तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रियांनीच भरलेला असतो. एवढी महागडी व्यवस्था उगाच टिकणार नाही. याला उत्तर म्हणून आधी काही माशांकडे पाहावं. उजनीच्या जलाशयातून बाजारात येणाऱ्या रोहू-कटल्यांना जठरच नसतं. कार्प कुळातल्या माशांत आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी नाहीत, आणि याच कुळातल्या झेब्राफिशच्या जनुकसंचात पेप्सिनोजेनची व आम्लपंपाची जनुकंही आढळत नाहीत. कशेरुकी प्राण्यांत जठर सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी आलं असं मानतात, आणि नंतर ते काही शाखांनी सोडूनही दिलं. तरीही या माशांचं स्नायूंचं मांस आपल्या ताटात येतंच. म्हणजे आम्ल ही सोय आहे, अट नव्हे. पण सोय मोठी आहे. गिळलेले बहुतेक जिवाणू आम्लात मरतात. ब-१२ जीवनसत्त्व अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं करायला आम्ल आणि पेप्सिन लागतात. जठर काढलेल्यांना ब-१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागतात त्यामागे आणखी एक कारण आहे: ते शोषून घ्यायला लागणारं एक प्रथिन जठरच बनवतं. लोह शोषायलाही आम्लाची मदत होते. आणि पेप्सिनने केलेले लांब तुकडे आतड्यात पोचले की त्यांची चाहूल लागूनच स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप जातो. पेप्सिनचा वाटा १०-२० टक्क्यांचा म्हणताना हा निरोप त्या हिशेबात धरलेला नसतो, आणि तो धरायला हवा.

दुसरा आक्षेप असा की उलगडणं हे आम्लाचं काम इतकं महत्त्वाचं असेल, तर जठर नसलेल्या माणसाचं भागतं कसं? त्याचं बरंचसं उत्तर चुलीवर आहे. उष्णताही प्रथिन उलगडते. शिजवलेलं अन्न खाणाऱ्या माणसाने आम्लाचं एक काम जेवणाआधीच उरकलेलं असतं. यावर बेल्जियममध्ये १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणलेल्या पाच जणांना एकदा शिजवलेलं आणि एकदा कच्चं अंडं देऊन पचन मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. पाच माणसं म्हणजे मोठा नमुना नव्हे, पण फरक फारच मोठा आहे. जठर आणि आम्ल दोन्ही वेळेला होतंच, तरी कच्चं अंडं निम्मं वाया गेलं. ताकद वाढावी म्हणून कच्ची अंडी दुधात फोडून पिणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात ट्रिप्सिनला अडवणारं प्रथिनही असतं, आणि शिजवण्याने त्याचा जोर कमी होतो. कडधान्यांचं तेच. ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पुढे १९४५ च्या सुमाराला कुनिट्झ यांनी सोयाबीनमधल्या ट्रिप्सिन-रोधकाचे स्फटिक मिळवले. झाडाने आपलं बी वाचवण्यासाठी खाणाऱ्याच्या पचनातलं नेमकं कोणतं ठिकाण हेरलं? आम्ल नव्हे, पेप्सिनही नव्हे, तर ट्रिप्सिन. वाल, चवळी, सोयाबीन भिजवून नीट शिजवण्याची आपली रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे.

राहिला तो ताब्याचा मुद्दा, आणि तो सुटला तर काय होतं हेही पाहायला हवं. जठराला आम्लापासून त्याच्या अस्तरावरचा चिकट पापुद्रा वाचवतो. त्यात बायकार्बोनेट अडकलेलं असतं, त्यामुळे पापुद्र्याच्या वर पीएच दोन आणि खाली पेशीपाशी जवळजवळ सात, एवढा फरक मिलिमीटरभराच्या आत राखला जातो. वरच्या पेशी दर काही दिवसांनी बदलत असतात. स्वादुपिंडाजवळ असं कवच नाही. त्याचा सगळा भरवसा एन्झाइमं बंद ठेवण्यावर. म्हणून ट्रिप्सिनोजेनच्या सोबत ते ट्रिप्सिनला अडवणारं एक प्रथिनही बांधून पाठवतं, आणि चुकून उघडलेलं ट्रिप्सिन स्वतःलाच एका ठरलेल्या जागी कापून निकामी करू शकतं. १९९६ साली आनुवंशिक स्वादुपिंडदाहाचं मूळ सापडलं ते याच जागेत. १२२ व्या क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं आणि ट्रिप्सिनला स्वतःला थांबवता येईना. अशा घराण्यांतली मुलं लहानपणापासून पोटाच्या भयंकर कळांनी हैराण होतात, कारण ग्रंथी आतून पचायला लागते. केरळात तरुण वयातल्या जुनाट स्वादुपिंडदाहाचे रुग्ण बरेच आढळतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांत त्या अडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडले आहेत. हा बिघाड जठरातल्या आम्लाचा नसतो.

शेवटची कापाकापी पोकळीत होत नाही, भिंतीवर आणि भिंतीच्या आत होते. प्रथिन एकेक अमिनो आम्ल सुटं झाल्यावरच शोषलं जातं असं फार काळ मानलं गेलं. आता कळतं की दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे अख्खेच आत घेणारी एक वाहक-व्यवस्था आतड्याच्या पेशींत आहे, आणि तिच्यातून बरंच प्रथिन आत जातं. विशेष म्हणजे हा वाहक चालतो हायड्रोजन आयनांच्या उतारावर. आतड्याच्या भिंतीलगत किंचित आम्लपणा राखलेला असतो, आणि पेशीत शिरणारा प्रत्येक हायड्रोजन आयन आपल्याबरोबर एक तुकडा ओढून नेतो. आत पोचल्यावर पेशीतली एन्झाइमं त्याचे उरलेले बंध तोडतात आणि सुटी अमिनो आम्लं यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात.